आषाढातला चिखल: आंबोलीच्या सड्यापासून चोडणच्या खारफुटीपर्यंत

पावसाळ्यात आंबोलीला जाणारी बहुतेक गर्दी धबधब्यापाशी थांबते, मक्याचं कणीस खाते, फोटो काढते आणि परत फिरते. आम्हाला मात्र चिखल बघायचा होता. खरंच चिखल, दुसरं काही नाही. मुलगी चौथीत आहे, तिला शहरात चिखल म्हणजे शूज खराब करणारी घाण एवढंच माहीत आणि मला हे फार लागतं, कारण माझ्या लहानपणी सगळे जुलै महिने मामाकडे दोडामार्गच्या बाजूला शेतात गुडघाभर चिखलात गेलेत. म्हणून मी आणि बायकोने ठरवलं की आषाढी एकादशीच्या आसपास सुट्टी काढायची आणि घाटमाथ्यापासून खाडीपर्यंत उतरत जायचं, वाटेत जिथे जिथे वेगळा चिखल आहे तिथे थांबायचं. तारखा सांगण्यात मजा नाही, सगळा प्रवास तिथीवरच होता, तेव्हा तिथीनेच लिहितो.

अष्टमी

पुण्याहून पहाटे निघून संकेश्वरवरून गडहिंग्लज, आजरा करत आंबोली. आजऱ्यापर्यंत पाऊस येऊन जाऊन होता, आंबोलीच्या अलीकडे जो लागला तो लागलाच. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव, त्यामुळे छत्री हा प्रकार इथे निरुपयोगी, रेनकोट आणि पावसाळी प्लास्टिकच्या चपला एवढंच कामाचं. गमबूट आणू नका हे आत्ताच सांगून ठेवतो. गमबुटात वरून पाणी शिरतं, मग तो जड होतो आणि चिखलात बूट रुतून बसतो, पाय तेवढा बाहेर येतो.

दुपारी हिरण्यकेशीला गेलो. नदीचा उगम गुहेतून, समोर मंदिर आणि कुंड. या कुंडातल्या माशावरून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी एक नवी प्रजात जाहीर केली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये सरकारने इथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. मासा बोटभर लांबीचा, तळाशी राहणारा. पाण्यात उतरायचं नाही, मासे पकडायचे नाहीत, काठावरून बघायचं. मुलीने बराच वेळ बघितलं, तिला दिसला की नाही माहीत नाही पण ती दिसला म्हणतेय.

मंदिराच्या वाटेवरचा चिखल म्हणजे जांभ्याची माती, लाल, निसरडी पण खोल नाही. खाली कातळ असतो. पाय घसरतो, रुतत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

नवमी

सकाळी चौकुळच्या सड्यावर. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, उन्हाळ्यात भाजून काढणारं आणि आता सगळीकडे बोटभर पाणी, खळग्यात साठलेला गाळ, त्यात गवताचे कोवळे कोंब. लांबून बघितलं तर काहीच नाही इथे असं वाटतं, पण गुडघ्यावर बसून एका खळग्यात बघत राहिलं की तासभर जातो. आमच्याबरोबर गावातला एक गाइड होता, त्याने आधीच बजावलं होतं की उथळ पाण्याच्या खळग्यात पाय द्यायचा नाही, कडेच्या उघड्या दगडावरून चालायचं. कारण आंबोली टोड. हा भेक, म्हणजे बेडकाच्याच जातकुळीतला प्राणी, जगात फक्त याच परिसरात सापडतो, त्याची प्रजात म्हणून नोंद झाली ती २००९ साली, आणि तो अंडी घालतो या असल्याच सड्यावरच्या चार बोटं पाण्यात. तेही पावसाच्या सुरुवातीला, थोडेच दिवस. एक बूट एका खळग्यात पडला तर अख्खी वीण गेली. आम्हाला मोठा भेक दिसला नाही पण एका खळग्यात काळी बारीक पिल्लं वळवळत होती, ती याची की दुसऱ्या कुठल्या बेडकाची हे गाइडनेही छातीठोक सांगितलं नाही, आणि मला त्याचं तेच आवडलं.

मग सड्याच्या कडेला झाडी सुरू होते तिथला चिखल. हा काळा, कुजलेल्या पाल्याचा, हाताला मऊ लागणारा. इथे गाइडने एक ओला दगड अलगद उचलला आणि खाली देवगांडूळ! गांडूळ नाही, साप नाही, बेडकाच्या नात्यातला बिनपायाचा उभयचर प्राणी. अंगावर वळ्या, रंग काळपट जांभळा, तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे कळायला वेळ लागतो. आंबोलीवरूनच २००३ मध्ये यातल्या एका जातीचं वर्णन झालंय. त्याचं सगळं आयुष्य ओल्या मातीच्या आत, गांडुळं आणि किडे खात. दोन मिनिटं बघितलं असेल, त्याने डोकं खाली घातलं आणि मातीत शिरायला लागला, आणि खरं सांगतो, मातीत भोक पडलेलं दिसलंच नाही, नुसता तो कमी कमी होत गेला. दगड होता तसाच परत ठेवला. हे महत्त्वाचं आहे, दगड उचलून बाजूला फेकणारे लोक असतात, त्यांना सोबत नेऊ नका.

जळवा लागल्या. बायकोच्या घोट्याला दोन, मला एक. तंबाखूची पुडी पाण्यात भिजवून मोज्याला चोळली की बऱ्यापैकी थांबतात.

रात्री टॉर्च घेऊन परत बाहेर. गावाजवळच्या डबक्यावर वाकलेल्या फांद्यांना फेसाचे पांढरे गोळे लटकलेले, मलबार ग्लायडिंग फ्रॉगची घरटी. अंडी फेसात, फेस पाण्याच्या बरोब्बर वर, पिल्लं झाली की टपटप खाली. जागा निवडताना तो बेडूक खाली गढूळ डबकं आहे की नाही ते बघतो आणि आपण डबकं दिसलं की मुरूम टाकून बुजवतो.

दशमी

घाट उतरून सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. घाटाबद्दल काही लिहीत नाही, धुकं होतं.

मामाकडे पोचलो तर घरी कोणीच नाही, सगळे शेतात. लावणी चालू. मामा मेरेवरून (शेताच्या बांधावरून) ओरडला, "येवा येवा, पाय धुवची गरज नाय, तसेच या!" मामी म्हणाली चेडवाक (मुलीला) सर्दी जातली, तोपर्यंत चेडू कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, उतरलं पण होतं.

आता या चिखलाबद्दल मला सविस्तर लिहायचंय कारण लोकांना वाटतं पाऊस पडला की शेतात आपोआप चिखल होतो. नाही होत. भाताचा चिखल करावा लागतो. पहिली नांगरणी, मग पाणी अडवायचं, मग पाण्यातच उभी आडवी चिखलणी, पूर्वी जोताने आणि आता मामाकडे पॉवर टिलरने, मग गुटो म्हणजे फळी फिरवून सपाट करायचं. यात ढेकूळ फुटतात, मातीचे कण सुटे होऊन खाली बसतात आणि तळाशी असा घट्ट थर धरतो की पाणी खाली झिरपत नाही. कोकणातली जांभ्याची माती मुळात पाणी धरून न ठेवणारी, तिच्यात भात पिकतो तो या चिखलणीच्या जोरावर. म्हणून पाय घातला की वर मऊ लोण्यासारखं आणि ढोपराच्या खाली कुठेतरी एकदम कडक जमीन लागते. तिथे पाय टेकला की पुढे बुडायची भीती नाही. चिखलात खेळायची पहिली जागा शोधत असाल तर ही, लावणीचं शेत, मालकाला विचारून, आणि ज्या कुणग्यात तरवा (भाताची रोपं) लावून झालाय त्यात अजिबात नाही.

मुलीचा पाय पहिल्याच पाचएक पावलांत अडकला. ती जोर लावून वर ओढायला लागली. मामा लांबूनच, "ओढू नको गो! आदी टाच फिरव, मगे पाय वर काढ. ओढूक जाशीत तर पडशीत." टाच फिरवली की पायाच्या बाजूने पाणी आणि हवा आत शिरते, खालची ओढ सुटते आणि पाय निघतो. ओढलं तर तळव्याखाली पोकळी होते आणि चिखल उलट जास्त धरतो. ही युक्ती तिने दिवसभर सगळ्यांना शिकवली, ज्यांना येत होती त्यांनाही.

तरवा कसा धरायचा हे मामीने दाखवलं. तीन चार काड्या, अंगठा आणि दोन बोटं, मुळं खाली करून चिखलात बोटांनीच रोवायच्या आणि बोटं बाहेर काढताना तिरकी काढायची म्हणजे भोक मिटतं. आम्ही लावलेली ओळ वाकडी होती, मामीने ती तशीच ठेवली. दुपारी मेरेवर बसून उकड्या तांदळाची पेज आणि सुका बांगडा. हाताला चिखलाचा वास येत होता, पेजेची चव त्यामुळे बिघडत नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) पेशंट दरवर्षी असतात. उंदीर, गुरं यांच्या मूत्रातून जंतू पाण्यात येतात आणि पायाला जखम, भेग, खरचटलेलं असेल तर तिथून अंगात जातात. गावागावात आरोग्य खात्याचे लोक शेतकऱ्यांना गोळ्या वाटतात त्या त्यासाठीच. आपण पाहुणे म्हणून गेलो तरी पायाला जखम असेल तर उतरायचं नाही, बाहेर आल्यावर साबणाने स्वच्छ धुवायचं, आणि पुढच्या दोन तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपण चिखलात उतरलो होतो हे आधी सांगायचं.

संध्याकाळी मामा माडाच्या बागेच्या कडेला घेऊन गेला. तिथे मऊ मातीत हत्तीचे ठसे. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती या भागात यायला लागले आणि आता दोडामार्ग तालुक्यात त्यांचा कायमचा वावर आहे, केळी माड सुपारी सगळं मोडतात, माणसंही गेली आहेत, त्यामुळे हत्ती बघायला मिळेल का असं इथल्या कोणाला उत्साहाने विचारू नका. ठसा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितला. पुढच्या पायाचा जवळजवळ गोल, मागचा लांबट. तळव्यावरच्या भेगा मातीत जशाच्या तशा उठलेल्या. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर मोजून दुप्पट केला की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची कळते, सुतळी लावून मोजलं तर हा साधारण आठ फुटांचा निघाला. ठशात पाणी साठलेलं आणि त्यात एक छोटा बेडूक येऊन बसलेला. मामा म्हणाला, "कालचेच आसत. फुडे जावक नको." परत फिरलो, लगेच.

एकादशी

उपास. साबुदाणा खाऊन हेवाळे-बांबर्डे. इथे देवराईत महाराष्ट्रातलं मिरिस्टिका स्वॅम्प आहे, मराठीत रानजायफळाची दलदल म्हणता येईल. २०२१ मध्ये हेही जैवविविधता वारसा स्थळ झालं. गावातल्या माणसाला सोबत घेऊनच जायचं, एकतर देवराई आहे आणि दुसरं म्हणजे वर लिहिलेले हत्ती.

आत शिरल्यावर आधी उजेड कमी होतो. मग पायाखालची जमीन मऊ व्हायला लागते आणि पाण्याचा आवाज येतो पण ओढा दिसत नाही, कारण पाणी झाडांच्या मधून पसरून वाहतंय. आणि मग मुळं. खोडातून दोन तीन फूट वरून फुटून कमानी करत चिखलात उतरलेली, एकात एक गुंतलेली, काही जाड काही बोटाएवढी. बारा महिने पाण्यात भिजलेल्या या काळ्या गाळात हवा जवळपास नाहीच, साध्या झाडाची मुळं तिथे गुदमरून कुजतील. म्हणून रानजायफळ आपली मुळं हवेत काढतं. आधार पण मिळतो आणि श्वास पण. फुलझाडांच्या अगदी जुन्या कुळांपैकी हे एक कूळ, आणि अशा दलदली आता पश्चिम घाटात केरळ, कर्नाटक, गोवा आणि हा आपला छोटा तुकडा एवढ्याच उरल्यात. बाकीच्या कुठे गेल्या? भातशेती, सुपारीच्या बागा, धरणं. सपाट आणि पाण्याची जागा माणसाला नेहमीच हवी असते.

या झाडाचं बी मोठं असतं आणि ते सुकवून डबीत ठेवता येत नाही, पडलं की ओल्यातच लवकर रुजावं लागतं. म्हणजे चिखल वाळला, झरा वळवला की झाड उभं असूनही त्याची पुढची पिढी संपली. म्हणून इथल्या चिखलात आम्ही पाय घातला नाही. मुलीने विचारलं काल शेतात चालतं मग इथे का नाही. तिला रोपं दाखवली, मुळांच्या मधे करंगळीएवढी उभी होती, दोन पानांची. तिने स्वतःच पाय मागे घेतला.

देवराईत कोयता चालवायचा नाही, वाळकी काटकी उचलायची नाही हा नियम पिढ्यान्‌पिढ्यांचा, वारसा स्थळाचा बोर्ड त्यानंतर कितीतरी वर्षांनी लागला. गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबर गावची निरंकाराची राई पण याच जातीची दलदल आणि तीही देवाच्या नावाने टिकली. माझं मत स्पष्ट आहे, ही जागा जगली ती गावकऱ्यांमुळे, त्यामुळे तिथे जाऊन त्यांनी सांगितलेलं ऐकायचं, वाद घालायचा नाही.

द्वादशी

दोडामार्गहून डिचोली करत गोव्यातलं माशेल. चिखलकालो!

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे, देवकीच्या कडेवर बाळकृष्ण अशी मूर्ती, मूळ देवस्थान चोडण बेटावरचं आणि पोर्तुगीज काळात मये गाव करत इथे आलेलं. आषाढी एकादशीला देवळात चोवीस तास अखंड भजन बसतं आणि द्वादशीला ते संपलं की पुरुष मंडळी अंगाला तेल चोळून देवळासमोरच्या मैदानात उतरतात. मैदान म्हणजे पावसाने झालेला लाल चिखल. तिथे कृष्णाच्या गोकुळातले खेळ, चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर, बेडूकउड्या, एकमेकांना ओढून चिखलात लोळवणं, आणि शेवटी दहीहंडी.

मी उतरलो. तेल एका आजोबांनी लावून दिलं, ओळख ना पाळख, हात पुढे करायच्या आत पाठीवर ओतलं. तेलामुळे चिखल अंगाला चिकटून राहत नाही आणि गारठा पण वाजत नाही असं ते म्हणाले. पहिल्यांदा पडलो तेव्हा कानात गेला, दुसऱ्यांदा पडल्यावर कशाचंच काही वाटेनासं झालं. आजूबाजूला सत्तरीचे आजोबा आणि पाच वर्षांची पोरं एकाच चिखलात, सगळ्यांचा रंग एकच, कोण वकील कोण रेंदेर (माडी काढणारा) काही कळायचा मार्ग नाही. मधेच कोणी वरून लाडू, फळं फेकतं आणि सगळा घोळका तिकडे झेपावतो, चिखलाने माखलेला लाडू लोक प्रसाद म्हणून खातात, मीही खाल्ला. ढोल, झांजा, वरून पाऊस आणि जय विठ्ठल हरी विठ्ठलाचा गजर. बायको आणि मुलगी कडेला उभ्या होत्या, त्यांच्यापर्यंतही चिखल पोचलाच, कोणी मुद्दाम उडवला नाही पण तिथे कोरडं राहणं शक्यच नाही. दोन वर्षांपूर्वी आजारपणातून उठल्यापासून इतका मनापासून हसलो नव्हतो मी.

धुवायला विहिरीवर आणि तळीवर रांग. बदलायचे कपडे, जुना टॉवेल, गाडीच्या सीटवर टाकायला प्लास्टिक हे घेऊनच जा.

त्रयोदशी

शेवटचा चिखल, खाऱ्या पाण्याचा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात. मांडवीच्या काठची १७८ हेक्टर खारफुटी. इथे यायचं तर ओहोटी बघून, भरतीला चिखल दिसतच नाही. पौर्णिमा जवळ आली की उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं पण, आमच्या दिवशी ओहोटी दुपारनंतर होती आणि आम्ही मुद्दाम तेव्हाच गेलो.

वाटेवर उभं राहायचं आणि हलायचं नाही. सुरुवातीला करडा, चकाकणारा, सडक्या अंड्याचा किंचित वास असलेला गाळ फक्त. मग हळूहळू तो हलायला लागतो. बिळातून लाल शेंडी काढावी तसे खेकडे वर येतात, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी आणि ती हलवून हलवून माद्यांना बोलावत असतो. आणि निवटे! बाजारात पाटीत बघितलेले निवटे मुलीने पहिल्यांदाच जिवंत बघितले, पुढच्या परांवर ढोपरं टेकल्यासारखे चालत, डोळे डोक्याच्या वर, मधेच एका कुशीवर लोळून अंग ओलं करून घेणारे. मासा असून पाण्याबाहेर तासन्‌तास राहतो कारण ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या भागातून हवा घेतो. कातडी वाळली की संपला, म्हणून ते लोळणं.

तिवर या खारफुटीच्या झाडाभोवती जमिनीतून हजारो टोकं वर आलेली, पेन्सिलीएवढी, आणि कांदळ या दुसऱ्या खारफुटीची मुळं कमानी करून उतरलेली. मुलगी म्हणाली, ही तर परवाच्या जंगलासारखी. बरोबर ओळखलं तिने. झाडं वेगळी, कुळं वेगळी, तिकडे गोडं पाणी इकडे खारं, पण चिखलात हवा नाही ही अडचण एकच आणि त्यावर दोघांनी काढलेला मार्ग जवळपास तोच. घाटाच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत एका आठवड्याच्या आत हे दोन्ही बघायला मिळतं असा भाग आपल्याकडे आहे, आणि आपण तिथे फक्त बीचसाठी जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या गाळात उतरायचं नाही. खाली शेतासारखा कडक थर नाही, कंबरेपर्यंत जाल आणि शिंपल्यांनी पाय कापतील. शिवाय जवळच्या कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, ओहोटीला चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात.

परतीच्या फेरीबोटीत चोडणचे एक काका भेटले, त्यांनी खाजन शेतीबद्दल, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीबद्दल सांगितलं, बांध, पाणी आत बाहेर सोडायची मानस (दारं), खाऱ्या जमिनीत येणारा कोरगुट भात. आणि बोरी, दुर्भाट बाजूला पौष अमावास्येला खाजनातले लोक चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मांगेथापणी, ते बघायला या म्हणाले. शिंपल्यांचे खवले, काडीचे दात, पाठीवर फुलं. मुलीने तिथल्या तिथे विचारलं पौष म्हणजे कधी, मी सांगितलं जानेवारीच्या आसपास, शाळा असेल. एक दिवस बुडवू म्हणाली. मी हो म्हटलंय, आणि मामालाही फोन करून कळवलंय.